नळ्यांचा ऑर्गन आणि आमची नर्सबाय

खोली भाड्यानं देताना घरमालक काय काय विचारतात, याची तयारी मी मिरजेहून निघतानाच करून आले होते. लग्न झालंय का, मासे चालतात का, पाहुणे किती येतील. नर्सबायनं यातलं एकही विचारलं नाही. तिनं मला पडवीतल्या बाकावर बसवलं, खुंटीवरचा स्टेथोस्कोप काढून कानांत अडकवला, त्याची थंडगार चकती माझ्या पाठीला लावली आणि फर्मावलं, "लांब श्वास घे. आता सोड. परत घे. चोरू नको!"

मी श्वास घेतला, सोडला, परत घेतला. हातातली बॅग खाली ठेवायचंही सुचलं नव्हतं.

"बरो आसा," ती म्हणाली. "रव हय."

एवढ्यावर मला खोली मिळाली.

गाव मालवणच्या दक्षिणेला, खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरचं. मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले होते. नर्सबाय मूळ त्याच गावची, गलबतं चालवणाऱ्या तांडेलांच्या घरातली. तरुणपणी मुंबईला जाऊन नर्स झाली आणि सगळी नोकरी क्षयरोग्यांच्या वॉर्डात काढली. लग्न केलं नाही. निवृत्त झाली ती थेट गावच्या घरी, एक ट्रंक आणि एक स्टेथोस्कोप घेऊन. तिचं खरं नाव मला तिच्या घराच्या वीजबिलावरून कळलं. गावात ते कोणी वापरत नसे. मी सुरुवातीला तिला 'अहो नर्सबाय' म्हणायची, तर एकदा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो कित्याक गो? मी काय तुजो घोव?" तेव्हापासून ती माझ्यासाठी 'ए नर्सबाय' झाली.

ती जाऊन आता काही वर्षं झाली. पण तिच्याबद्दल सांगायला बसले की मला अजून सावकाश बोलता येत नाही. शब्द पुढं पळतात.

ज्यातून हवा येते-जाते अशी कुठलीही वस्तू तिला पेशंट वाटायची. कुकरची शिट्टी नीट वाजली नाही की कुकरचं झाकण उताणं करून ती त्याच्या नळीत फुंकर मारी. शाळेतला फुटबॉल तिनं कानाशी धरून तपासला होता. देवळातला शंख घोगरा वाजायला लागला, तेव्हा तिनं गुरवाला रस्त्यात गाठलं आणि शंखाचा खोकला बरा करून देते म्हणाली. केलाही. आत मुंग्यांचं वारूळ सापडलं! सगळंच बरं व्हायचं असं मात्र नाही. तिचा स्वतःचा फ्रिज तिनं 'घोरता' म्हणून उघडला होता, तो पुन्हा कधीच चालू झाला नाही. त्यात ती काजू आणि जुन्या चादरी नि टॉवेल ठेवी. मी हसले तर म्हणाली, "सगळे पेशंट जगनत नाय गो. पण बघूक तर होया!"

तिचं एक वाक्य सारखं कानांवर पडायचं. 'वारो आधी, बाकी मागसून.' कोणी घाबरलेलं असो, कोणी भांडून आलेलं असो, कोणाची म्हैस आजारी असो. आधी सगळी दारं-खिडक्या उघडायची, मग पुढचं बोलणं. आणि कुठलीही वस्तू 'खराब झाली' म्हटलेलं तिला चालत नसे. "खराब नाय. दमलीहा," ती म्हणे.

आता ऑर्गनचं सांगते.

गावाच्या वरच्या अंगाला, माडांच्या मागं एक लहानसं जुनं चर्च आहे. ख्रिस्ती वाड्यातली घरं मोजकीच, पण फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव, सगळ्या गावाचा. नर्सबाय आठवड्यातून एकदा त्या वाड्यात म्हाताऱ्या माणसांचं ब्लडप्रेशर बघायला जायची. त्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मीही बरोबर होते. चर्चच्या व्हरांड्यात सफाई चालली होती. दारावरच्या लाकडी माडीवरून, जिथं गाणारी मंडळी उभी राहतात, तिथून काहीबाही सामान खाली उतरवून भिंतीशी रचलं जात होतं. त्यात काळपट राखाडी धातूच्या नळ्यांचा एक ढीग होता. काही बोटाएवढ्या, काही माझ्या उंचीच्या. एक माणूस त्यातल्याच एका नळीनं जळमटं काढत होता.

नर्सबाय थबकली. त्या माणसाच्या हातातून तिनं नळी काढून घेतली, फिरवून बघितली. खालचं टोक पेन्सिलीसारखं निमुळतं, त्याच्या वर ओठांसारखी एक फट. तिनं पिशवीतून स्पिरिटचा कापूस काढला, टोक पुसलं आणि कोणी काही म्हणायच्या आत ते तोंडाला लावून फुंकलं.

काय सांगू! इतका स्वच्छ, इतका गोल सूर निघाला की जळमटं काढणारा माणूस टोपी काढून उभा राहिला. वरच्या कौलांतली कबुतरं उडाली. नर्सबायचे डोळे एवढाले झाले होते.

"ह्यो बोलता!" ती ओरडली. "ह्यो जितो आसा गो!"

मग ती माडीवर धावली. साठी उलटलेली बाई, पण दोन-दोन पायऱ्या गाळत गेली. वर भिंतीला टेकून एक मोठं लाकडी कपाट उभं होतं. समोर पिवळ्या पडलेल्या पट्ट्या, बाजूला ओढायच्या खुंट्या, वर रिकाम्या भोकांची रांग. तो नळ्यांचा ऑर्गन होता. आपली पेटी जिभल्यांवर वाजते, हा नळ्यांवर वाजतो. बाकी तत्त्व तेच, भाता भरा, वारा द्या, पट्टी दाबा.

चर्चचे फादर तरुण होते, वसईकडचे, वर्षभरापूर्वीच गावात आलेले. त्यांनी आम्हाला खरं ते सांगितलं. ऑर्गन त्यांच्या काळातच काय, गावातल्या अर्ध्या लोकांच्या आठवणीतही वाजला नव्हता. समुद्रकाठी नवीन होणाऱ्या एका रिसॉर्टला तो हवा होता. वरचं कोरीवकाम राखून, आतलं सगळं काढून त्याचं ते बारचं काउंटर करणार होते. चर्चच्या कमिटीच्या अध्यक्षांनी तसा शब्दही दिला होता.

अध्यक्ष तिथंच होते. जहाजावरची नोकरी करून परत आलेले, ताठ, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ, आणि नर्सबायचे पहिलीपासूनचे वर्गबंधू.

"मेलेल्याक किती दिवस घरात ठेवतलंस?" ते म्हणाले.

"मेलो ह्या तुका कोणी सांगल्यान? डॉक्टराचा सर्टिफिकेट दाखय!"

"बाय, तुजो ह्येच्याशी काय संबंध? तू कधी चर्चीत प्रार्थनेक तरी येतंस?"

"पेशंट बघताना मी आयुष्यात कधी धर्म इचारूक नाय," नर्सबाय म्हणाली. "तू आज इचारतंस. इचार."

फादर मधे पडले. फेस्तला अजून अवकाश होता. "बाय, फेस्तच्या मिस्सेला, म्हणजे मोठ्या प्रार्थनेला, हा ऑर्गन वाजला तर तो इथंच राहील," ते म्हणाले. "नाही वाजला तर अध्यक्षांचा शब्द मला पाळावा लागेल. आणि दुरुस्ती करताना एकही वस्तू चर्चच्या बाहेर जाणार नाही. चालेल?"

"धावतला!" नर्सबाय म्हणाली, आणि तिथल्या तिथं पदर खोचला.

त्या दिवसापासून शाळा सुटली की मी घरी न जाता चर्चच्या माडीवर जायला लागले. ऑर्गन कसा असतो हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. मी मोबाइलवर चित्रफिती शोधायची, कुठल्या कुठल्या देशांतले म्हातारे ऑर्गन उघडून दाखवायचे, आणि नर्सबाय चष्मा लावून त्या अशा बघायची जशी ऑपरेशनच बघते आहे. अध्यक्ष रोज एक खुर्ची घेऊन माडीच्या टोकाशी बसत. पहारा म्हणून.

आतून काय काय निघालं! कुंभारमाशीनं नळ्यानळ्यांत मातीची घरं बांधली होती. उंदरांनी कातड्याच्या पट्ट्या खाल्ल्या होत्या. वाळवी खालच्या फळीपर्यंत येऊन, कोण जाणे का, थांबली होती. नर्सबाय एकेक नळी मांडीवर घेऊन बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून आतून पुसायची, मग फुंकायची. बोलली की डाव्या बाजूला, मुकी राहिली की उजव्या बाजूला. उजवीकडची रास लवकरच लहान व्हायला लागली. ओठ चेपले गेले असतील तर ते हलकेच उचलायचे, पाय वाकला असेल तर लाकडी दांड्यावर गोल करायचा. एकेक नळी पुन्हा बोलायला लागली की आम्ही दोघी टाळ्या वाजवायचो. एकदा मागं वळून बघितलं तर अध्यक्षांनीही टाळी वाजवायला हात उचलले होते. त्यांनी ते तसेच वळवून डास मारल्यासारखं केलं.

ऑर्गन गावात आला कसा, याच्या तीन गोष्टी मी त्या माडीवर ऐकल्या. एका आजीच्या मते तो खडकावर फुटलेल्या एका बोटीतला. दुसऱ्या कोणी सांगितलं की गोव्याच्या एका पाद्रीनं दिला. तिसरी गोष्ट अशी, की मुंबईला बँडमध्ये वाजवणाऱ्या इथल्याच पोरांनी तो गावाला भेट पाठवला. तिन्ही सांगणारे ठाम होते, आणि तिघांचंही एकमेकांशी पटत नव्हतं.

मग आम्ही भाता उघडला.

भाता खाली, कपाटाच्या पोटात. दोन माणसं निजतील एवढा लांबरुंद, घड्यांचा. त्याचं कातडं सुकलेल्या पापडासारखं झालं होतं. हात लावला की तुकडे हातात. पण एका बाजूच्या घडीवर हाताएवढं एक ठिगळ होतं आणि ते कातड्याचं नव्हतं. जाड, करड्या कापडाचं, चारी बाजूंनी शिवलेलं. सगळा भाता फाटला होता, ते ठिगळ तेवढं टिकलं होतं.

नर्सबायनं त्यावरून बोट फिरवलं. परत फिरवलं. नंतर ती जमिनीवर बसलीच.

"ह्या शिडाचा कापड आसा," ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "आणि ही शिवण बघ. एक दोरो वयसून, एक खालसून. शीड वाऱ्यान उसवता नये म्हणान अशी घालतत. माजो आजो अशीच घाली होतो. मी तेच्या मांडयेर बसान बघलंय."

अध्यक्ष खुर्चीवरून उठून आले. वाकून त्यांनीही ती शिवण बघितली. बराच वेळ बघितली.

"बापाय सांगी होतो," ते सावकाश म्हणाले. "पेटी गलबतातसून इली. चर्चीत चढवूक तांडेलांचीच माणसा होती. आमची थोडी होती तेव्हा." मग म्हणाले, "फाटल्यार दुरुस्त कोणी केल्यान, ता काय तो बोललो नाय कधी."

"ह्या बोलता ना," नर्सबाय ठिगळावर हात ठेवून म्हणाली.

ते ठिगळ तिच्याच आजोबांनी घातलं होतं की दुसऱ्या कुणा तांडेलानं, हे कळायला मार्ग नव्हता आणि तिला त्याची गरजही नव्हती. त्या दिवसापासून तुजो संबंध काय, असं तिला कोणी विचारलं नाही. पण अध्यक्षांनी दिलेला शब्द दिलेलाच होता. मी त्यांना एकदा हळूच विचारलं, तर म्हणाले, "मास्तरीणबाय, माज्या तोंडातसून गेलेला परत गिळूक माका जमणा नाय. वाजयल्यात तर प्रश्नच मिटलो."

दिवाळीच्या सुट्टीत मी मिरजेला गेले आणि तिथल्या वाद्यांच्या गल्लीतून मेंढीचं मऊ कातडं आणि सरसाच्या वड्या घेऊन आले. आपल्या पेटीच्या भात्याला वापरतात तेच कातडं, फक्त खूप जास्त. दुकानदारानं विचारलं, "कितीशी मोठी पेटी आहे?" मी हात पसरून दाखवले, तर त्याला वाटलं मी चेष्टा करते. आईला वाटलं मी कामातून गेले. मी मात्र परतीच्या एसटीत ती कातड्याची गुंडाळी मांडीवर घेऊन, कुणी नवं बाळ घेऊन बसावं तशी बसले होते.

चर्चच्या मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर सरस वितळायचा. त्याचा वास असा, की फादरांनी प्रवचनाची तयारी करायची जागा बदलली. एकेक घडी जुन्या कातड्यापासून सोडवायची, खरवडायची, नवी पट्टी चिकटवायची, वर पाट ठेवून दाबायची. शिडाचं ते ठिगळ आम्ही तसंच ठेवलं. नर्सबायनं त्याच्या कडांना फक्त सरस लावला, बोटानं, अगदी हलकेच.

भाता तयार झाला, जागी बसवला. मी बाजूचा लाकडी दांडा वर-खाली केला. भाता फुगला आणि लगेच सुस्कारा टाकून खाली बसला. पुन्हा भरला, पुन्हा बसला.

"खंयसून तरी गळता," नर्सबाय म्हणाली. "गप रवा सगळी!"

तिनं स्टेथोस्कोप चढवला. मी दांडा मारत होते आणि ती गुडघ्यांवर रांगत भात्याच्या चारही बाजूंना चकती लावत चालली होती. वॉर्डातल्या रात्रपाळ्यांमध्ये ती अशीच खाटांमधून फिरत असेल, असं मला वाटलं. मधेच ती हात वर करायची, मी थांबायची. मग ती पेटलेली उदबत्ती त्या जागेशी धरी. धूर सरळ वर जायच्या ऐवजी वाकला, की समजायचं इथं गळती आहे. एक सापडली, दोन सापडल्या, ढीगभर सापडल्या. शेवटची तर वारा वर नेणाऱ्या लाकडी नळाच्या सांध्यात होती. तिच्यावर पट्टी चढवली, आणि भाता फुगला तो फुगलेलाच राहिला. अजिबात हलेना! आम्ही त्याच्याकडे टक लावून बघत बसलो. अध्यक्ष म्हणाले, "श्वास धरून रवलोहा." आणि पहिल्यांदाच हसले.

सूर लावायला आणि वाजवायला माणूस हवा होता. पूर्वी वाजवणारे कधीच गेले होते आणि चर्चची तरुण मुलं छोट्या इलेक्ट्रिक कीबोर्डवर गाणी म्हणत. नर्सबायनं कुडाळकडून एका बुवांना आणलं. ते दशावतारी नाटकांत पायपेटी वाजवत. पायांनी भाता आणि हातांनी पट्ट्या, सगळं नाटक संपेपर्यंत. किडकिडीत, पान खाणारे, मितभाषी गृहस्थ. ऑर्गनसमोर उभे राहून त्यांनी आधी चपला काढल्या, पान थुंकून चूळ भरली, मग नमस्कार केला. त्यांच्याकडे नोटेशन नव्हतं. चर्चमधली गाणी त्यांनी गाणाऱ्या मुलींकडून मोबाइलवर भरून घेतली आणि घरी पायपेटीवर बसवली.

सूर लावायचं काम चिकाटीचं. नळीचं वरचं तोंड किंचित फाकवलं की सूर चढतो, किंचित दाबलं की उतरतो. बुवा पट्टी दाबून डोळे मिटत, मान हलवत, "मायनस," म्हणत. मी शिडीवर. नर्सबाय खालून ओरडे, "हळू गो, हळू! तेचो गळो आसा तो!"

ज्या दुपारी सगळ्या नळ्या एकदाच्या सुरात आल्या, त्या दुपारी बुवांना काय वाजवावं सुचेना. चर्चची गाणी अजून हातांत बसली नव्हती. मी दांडा मारत होते. नर्सबाय म्हणाली, "तुमका येता ता वाजवा हो!" बुवांनी बाह्या सरसावल्या आणि दशावतारात संकासुर राक्षस रंगमंचावर येतो तेव्हाची चाल वाजवली.

देवा! त्या चर्चनं तसलं काही जन्मात ऐकलं नसेल. मोठ्या नळ्या छातीत घुमत होत्या, लहान नळ्या वर नाचत होत्या, खिडक्यांची तावदानं खडखडत होती. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कोळणी टोपल्या उतरवून दारात आल्या. फादर धावत आले, घाम पुसत, "काय झालं? काय झालं?" करत. तेवढ्यात त्यांना ती चाल ओळखू आली असावी. वर्षभरात त्यांनी गावची दशावतारी नाटकं पाहिली होतीच. ते माडीच्या खाली उभे राहिले, तोंडावर हात धरला आणि खांदे हलवत हसत सुटले.

"फेस्तला मात्र हे नको हं बुवा," ते खालून म्हणाले.

"नाय फादर," बुवा गंभीरपणे म्हणाले. "तेव्हा राक्षस नाय येवचो."

फेस्तच्या दिवशी चर्च इतकं भरलं की माणसं अंगणात उभी होती. मुंबईहून, गोव्याहून वाड्यातली माणसं परतली होती. आमच्या शाळेचा सगळा स्टाफ आला होता. रिसॉर्टचे मालकही पांढऱ्या सदऱ्यात पुढच्या बाकाच्या कडेला बसले होते. माडीवर बुवा पट्ट्यांवर, मुली त्यांच्या शेजारी, मी दांड्यावर, आणि नर्सबाय नव्या इरकली साडीत कठड्याशी. अध्यक्ष खाली पहिल्या बाकावर.

पहिलं गाणं सुरू झालं आणि लोकांनी माना वळवून वर बघितलं. सगळ्यांनी एकदम. म्हातारी माणसं रडायला लागली. माझे हात चालू होते आणि डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं.

गाणं संपलं. बुवांनी हात उचलले. एक सूर मात्र थांबला नाही.

एकच नळी, मधली, मोठ्यानं, हट्टानं वाजत राहिली. फादर प्रार्थनेसाठी हात पसरून उभे होते आणि ती त्यांच्यावर ओरडत होती. बुवांनी पट्टी वर ओढून बघितली, खालून ठोकून बघितली. उपयोग नाही. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, खाली कोणीतरी खुसखुसलं. अध्यक्ष उभे राहिले. दांडा सोडावा तर वारा संपेल, ऑर्गन गप्प बसेल, आणि सगळ्यांसमोर तो मेला असं ठरेल.

नर्सबाय जागेवर नव्हती. ऑर्गनच्या मागच्या फळीतून मला तिच्या इरकली साडीचा काठ आत जाताना दिसला.

आणि सूर थांबला. एकदम.

प्रार्थना झाली. दुसऱ्या गाण्याच्या आधी मागून तिची कुजबुज आली, "बुवानु, मधलो तो सूर वाजव नकात! मी धरलंय तो." पट्टीपासून झडपेपर्यंत जाणारी एक लाकडी काडी गर्दीच्या दमट हवेनं फुगून अडकली होती. ती वर रेटून धरली, तरच झडप बंद राहत होती. बुवांनी मान डोलावली आणि पुढची सगळी मिस्सा तो एक सूर वर्ज्य करून वाजवली. खाली कुणाला पत्ताही लागला नाही. फक्त मला माहीत होतं, त्या अंधाऱ्या कपाटात, धुळीत, एक हात वर करून नर्सबाय उभी आहे आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते तिला धड ऐकूही येत नाहीये. तिच्या कानांशी तर नुसत्या काड्यांची खडखड आणि भात्याची धाप.

मिस्सा संपली. लोक अंगणातल्या जेवणाकडे वळले. अध्यक्ष जिना चढून वर आले.

"बाय खंय आसा?"

मी मानेनंच ऑर्गनच्या पाठीमागं खुणावलं. ते वाकून आत बघत राहिले. नर्सबायचा हात अजून वरच होता, केसांत कोळिष्टकं, नव्या साडीवर काजळी.

"सुरवातीपासून अशीच आसंस?"

"मगे? सोडलंय तर परत बोंबलतलो."

अध्यक्षांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही वर केली, अंग आक्रसून आत शिरले. "भायर ये. माजो हात लांब आसा. खंयची काडी? ही? धरलंय. जा, खाली जावन आयक जरा."

ती बाहेर आली. खाली गेली. रिकाम्या चर्चच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून, वर बघत उभी राहिली. बुवांनी वाजवायला सुरुवात केली, मी दांडा मारायला.

तेवढ्यात रिसॉर्टचे मालक जिन्यात आले. "अध्यक्ष आहेत का? मग उद्या टेम्पो पाठवायचा ना?"

ऑर्गनच्या पोटातून अध्यक्षांचा आवाज आला, "खंयचो टेम्पो? माजो हात अडकलोहा हय!"

मालकांनी आवाज कुठून येतोय ते शोधलं, माझ्याकडे बघितलं, ऑर्गनकडे बघितलं आणि जेवायला निघून गेले.

बुवांनी गाणं संपवलं. शेवटचा सूर कौलांपर्यंत जाऊन विरला. खाली नर्सबाय हलली नव्हती. चेहरा लाल झाला होता, तोंड अर्धवट उघडं. मला वाटलं ती आता काहीतरी मोठं बोलेल.

"परत," ती म्हणाली.

बुवांनी परत वाजवलं.

"परत!"

माझे दंड भरून आले होते, पण मी थांबणार नव्हते. ऑर्गनच्या आतून अध्यक्ष कळवळले, "बाय, माजो हात मोडलो गो!"

"मोडूंदे!" नर्सबाय खालून ओरडली. "परत!"